नावाचा प्रश्न : ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ आणि आपली भाषा

सातवीच्या वर्गात उर्दू व्याकरणाचा तास चालू होता. मुजक्कर आणि मुअन्नस, म्हणजे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग, हा त्या दिवशीचा विषय. फळ्यावर दोन खाने आखून मी एकेक शब्द विचारत होते. ‘कुर्सी’ कुठे, ‘पानी’ कुठे, असे चालले असताना मागच्या बाकावरून एका मुलाने वर्गातल्याच दुसऱ्या मुलाचे नाव घेतले आणि विचारले, “टीचर, ये किस खाने में आएगा?” वर्ग खो खो हसला. ज्याचे नाव घेतले गेले तो चालण्याबोलण्यात जरा नाजूक होता, मुलींमध्ये अधिक रमायचा. हसणाऱ्यांना मी दटावून गप्प केले. पण तास संपल्यावर त्या मुलाला व्हरांड्यात बोलावून मी जे सांगितले, ते आठवले की आजही शरम वाटते. मी म्हणाले, “बेटा, जरा लडकों की तरह रहा करो, फिर कोई नहीं हंसेगा.”

पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याला गावी पाठवले की कामाला लावले, हे मला नीट कळले नाही आणि मीही त्याच्या घरी विचारायला गेले नाही. बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते. तरीही त्या मुलाविषयी विचार करायला माझ्यापाशी एक धड शब्द नव्हता. वर्गातल्या मुलांपाशी होता तो शिवीचा शब्द आणि माझ्यापाशी होता तो उपदेश. दोन्हींचा अर्थ एकच होता.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की लिंगओळख आणि लैंगिक कल यांविषयीच्या शब्दांचा प्रश्न आपण डॉक्टर, वकील किंवा स्वयंसेवी संस्था यांचा प्रश्न समजतो. माझ्या मते तो आधी भाषेचा, आणि म्हणून साहित्याचा प्रश्न आहे. माणसाला नाव कोणी द्यायचे, समाजाने की त्याने स्वतः? मराठीत या प्रश्नाला सर्वांत थेट भिडलेले पुस्तक आपल्या ठाण्यातल्याच एका व्यक्तीचे आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मनोविकास प्रकाशनाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. दिव्याहून धीम्या लोकलने मुंब्रा आणि कळवा ओलांडले की ठाणे येते. इतक्या जवळचे हे पुस्तक आपल्या वाचनालयांतून आणि आपल्या चर्चांतून मात्र दूरच राहिले. त्या पुस्तकाच्या निमित्ताने आपल्या शब्दांची झाडाझडती घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन वेगळे प्रश्न

प्रथम मूळ घोटाळा कोठे आहे ते पाहू. आपल्या बोलण्यात तीन निरनिराळे प्रश्न एकाच शिवीत कोंबलेले असतात. पहिला प्रश्न शरीराचा. जन्मतः शरीराची घडण पुरुषाची, स्त्रीची, की दोन्हींच्या दरम्यानची आहे? ज्यांच्या शरीररचनेत, गुणसूत्रांत किंवा संप्रेरकांत असे वेगळेपण असते त्यांना इंटरसेक्स, मराठीत आंतरलिंगी, म्हणतात. दुसरा प्रश्न स्वतःच्या जाणिवेचा. मी स्वतःला मनातून पुरुष समजतो, स्त्री समजते, की दोन्हींपैकी काहीच नाही? जन्माच्या वेळी लोकांनी ठरवलेले लिंग आणि ही जाणीव जुळत नसेल तर त्या व्यक्तीला ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणतात. तिसरा प्रश्न ओढीचा. माझे मन कोणाकडे ओढ घेते? भिन्न लिंगाच्या व्यक्तीकडे, समान लिंगाच्या, की दोहोंकडे? भिन्नलिंगी, समलिंगी, उभयलिंगी हे शब्द या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आहेत.

एका प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर ठरवता येत नाही, हे येथे नीट लक्षात घ्यावे. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो; त्याला साडी नेसायची इच्छा असते असे नाही. पारलिंगी स्त्रीच्या शरीरात जन्मतः काही वेगळे असते असेही नाही. नाजूक चालीचा मुलगा यांपैकी कोणीच नसू शकतो. तो फक्त नाजूक चालीचा मुलगा असेल. माझ्या वर्गातला मुलगा कोण होता हे मला ठाऊक नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकारही मला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा खटल्याच्या निकालात लिंगओळख आणि लैंगिक कल या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले आणि स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. कलम ३७७ संबंधीचा निकाल त्यानंतर, ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला. त्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पहिला निकाल मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा होता, दुसरा तिसऱ्या प्रश्नाचा. आपल्याकडे मात्र दोन्हींची बातमी एकाच मथळ्याखाली, एकाच छद्मी हसण्याने वाचली गेली.

भाषांतरकारांनीही या गोंधळात भर घातली आहे. ‘उभयलिंगी’ हाच शब्द घ्या. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असते आणि जास्वंदीचे फूलही. तेथे तो शरीराचा शब्द आहे. वर्तमानपत्रात तोच शब्द दोन्ही लिंगांच्या व्यक्तींकडे ओढ असलेल्या माणसासाठी येतो. तेथे तो मनाचा शब्द आहे. शाळेत गांडूळ शिकलेला वाचक बातमी वाचून काय समजत असेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. ‘नपुंसक’ या शब्दाने तर व्याकरणातले एक निरुपद्रवी लिंग आणि पुरुषाला दिलेली शिवी अशी दोन्ही ओझी एकदम वाहिली आहेत. वास्तविक उर्दू माध्यमातून मराठीकडे आलेल्या माझ्यासारखीला मराठीचे तिसरे लिंग हा सुखद धक्का होता. उर्दूत दोनच खाने. मराठीत ‘ते लेकरू’, ‘ते पाखरू’ म्हणताना कोणाचाच अपमान होत नाही. व्याकरणाने ठेवलेली ही जागा समाजाने मात्र ठेवली नाही.

उर्दूचीही गोष्ट वेगळी नाही. समलिंगी ओढीसाठी उर्दू वर्तमानपत्रांत रूढ असलेला शब्द म्हणजे ‘हमजिन्सपरस्ती’. ‘जिन्स’ हा अरबी शब्द मराठीत ‘जिन्नस’ होऊन वाण्याच्या दुकानात पोहोचला, हे वाचकांना माहीत असेलच. पण खरी मेख ‘परस्ती’मध्ये आहे. परस्ती म्हणजे पूजा. बुतपरस्ती, आतिशपरस्ती या शब्दांच्या रांगेत जेव्हा ‘हमजिन्सपरस्ती’ येऊन बसते, तेव्हा शब्द उच्चारताच निवाडा होऊन जातो. ऐकणाऱ्याला वाटते की हा कोणी वेगळा दीन पाळणारा माणूस आहे. चर्चा सुरू होण्याआधीच शब्दाने ती संपवलेली असते. काही उर्दू लेखक आता ‘हमजिन्स पसंद’ असा सौम्य शब्द वापरतात. फरक दोन अक्षरांचाच आहे, पण तो मोठा आहे.

आपले जुने शब्द

“ही सगळी पश्चिमेची खुळे आहेत, आपल्यात असले काही नव्हते,” असे आपल्या मोहल्ल्यात ठासून सांगितले जाते. असे सांगणाऱ्यांनी आपलीच पुस्तके उघडून पाहावीत. हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या प्रसिद्ध ग्रंथात ‘खुन्सा’साठी स्वतंत्र प्रकरण आहे. खुन्सा म्हणजे शरीररचनेने पुरुष की स्त्री हे सहज न ठरणारी व्यक्ती, आजच्या भाषेत आंतरलिंगी. जमातीच्या नमाजात तिने कोणत्या रांगेत उभे राहावे, मयतीनंतर गुस्लचे काय करावे, वारसाहक्कात तिचा वाटा किती, याचा विचार त्या फकीहांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी केला. त्यांची उत्तरे आज सर्वांना पटतील असे नाही. पण तिला मशिदीतून बाहेर काढा, असे त्यांनी म्हटले नाही. तिची जागा कोणती, एवढाच त्यांचा प्रश्न होता. रांग ठरवायची म्हणजे ती व्यक्ती मशिदीत येणार, हे आधीच गृहीत धरले होते.

दुसरा शब्द ‘मुखन्नस’. बायकी चालीबोलीचा पुरुष असा त्याचा अर्थ. हदीसमध्ये अशा व्यक्तींचा निषेध आलेला आहे, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु सहीह मुस्लिमचे भाष्यकार इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी त्यात एक महत्त्वाचा भेद केला. ज्याची घडणच तशी आहे, ज्याने ती मुद्दाम आणलेली नाही, त्याला दोष नाही आणि गुनाहही नाही. निषेध आहे तो मुद्दाम सोंग आणणाऱ्याचा, असे ते सांगतात. म्हणजे दमास्कसच्या एका आलिमने तेराव्या शतकात जो भेद केला, तो एकविसाव्या शतकात वर्गात उभी राहिलेली मी, एक प्रशिक्षित शिक्षिका, करू शकले नाही. “लडकों की तरह रहा करो” असे सांगताना तो मुलगा मुद्दाम तसे वागतो आहे, हे मी गृहीतच धरले होते.

तिसरा शब्द ‘ख्वाजासरा’. पाकिस्तानात आणि अलीकडे आपल्याकडच्या उर्दू लेखनातही ‘हिजडा’ऐवजी हा अदबीचा शब्द म्हणून वापरला जातो. हेतू चांगला आहे. पण इतिहासातले ख्वाजासरा म्हणजे बहुधा लहानपणी खच्ची केलेले, विकलेले गुलाम. त्यांच्यातले काही महालांचे आणि फौजांचे कारभारी झाले. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर हा त्यांतलाच. त्यांना स्वतःविषयी काय वाटते, हे कोणी विचारले नव्हते. शब्दाला दरबारी अत्तर लावल्याने त्यामागची गुलामी दिसेनाशी होते. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उत्तर हिंदुस्थानसाठी याच्या उलट केले. त्यांनी निरनिराळ्या लोकांना ‘यूनक’ या एकाच शब्दाखाली आणून पोलिसांच्या नोंदवहीत टाकले. एकाने शब्द गोड केला, दुसऱ्याने तो गुन्हा केला. माणसाला विचारले कोणीच नाही.

शब्दांचा हा घोळ केवळ विद्वत्तेचा विषय नाही. पाकिस्तानने २०१८ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. खुन्साला हक्क द्या, पण केवळ मनाच्या जाणिवेवर लिंगओळख मानू नका, असा आक्षेप तेथे उठला, आणि मे २०२३ मध्ये तेथील फेडरल शरीयत कोर्टाने त्या कायद्यातील काही कलमे शरीयतविरोधी ठरवली. शरीराचा प्रश्न मान्य, जाणिवेचा अमान्य, असा तो वाद होता. शब्दांची व्याख्या बदलली की कोणाच्या ओळखपत्रावर काय लिहिले जाईल, हेही बदलते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. समलिंगी संबंधांविषयी आपल्या बहुसंख्य उलेमांचे मत निषेधाचे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. या लेखात मी कोणताही फतवा देत नाही. तो माझा अधिकार नाही. माझे म्हणणे एवढेच की निवाडा कृतीचा असतो, ओळखीचा किंवा चालण्याच्या ढबीचा नसतो. आणि ज्याचा निवाडा करायचा ते नेमके काय आहे हे समजून न घेता केलेला निवाडा हा न्याय नव्हे. आपल्या फकीहांची शिस्तही हीच सांगते.

‘हिजडा’ : शिवी की जमात?

आता लक्ष्मी यांच्या पुस्तकाकडे येऊ. त्याच्या नावातच त्याचे सार आहे. जो शब्द लोक दगडासारखा फेकून मारतात, तो उचलून लेखिकेने आपल्या पुस्तकाच्या दारावर लावला आहे. ‘तृतीयपंथी’ हा सरकारी आणि सभ्य शब्द त्यांना उपलब्ध होता. तो त्यांनी नावात घेतला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच केले. पंथ म्हणजे मार्ग, संप्रदाय. महानुभाव पंथ, नाथ पंथ, तसा हा तिसरा पंथ काय? आणि तिसरा, तर पहिला कोण आणि दुसरा कोण, हा क्रम कोणी लावला? २०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्यापुढे ‘इतर’ असा रकाना आला, त्यात देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली. ‘इतर’ आणि ‘तृतीय’ हे दोन्ही शब्द मोजणाऱ्याच्या सोयीचे आहेत. ज्याला मोजले त्याने ते निवडलेले नाहीत.

‘हिजडा’ हा शब्द अरबी ‘हिजरत’वरून आला, घरदार आणि कबिला सोडून निघालेला तो हिजडा, असे पुष्कळदा सांगितले जाते. ऐकायला ते फार छान वाटते आणि हिजरतचे मोल जाणणाऱ्या आपल्या मनाला भिडतेही. पण उर्दू शिकवणारी म्हणून मला एक शंका येते. अरबीत ‘ड’ किंवा ‘ड़’ हा ध्वनीच नाही. तेव्हा ही व्युत्पत्ती भाषेची कमी आणि भावनेची अधिक असावी. तरीही तिला मी खोटी म्हणणार नाही. लोक आपल्या नावाची जी कहाणी सांगतात, तीतून त्यांना काय भोगावे लागले ते कळते. घर सोडावे लागणे हा या समाजाचा सार्वत्रिक अनुभव नसता, तर ही व्युत्पत्ती इतकी रूढ झालीच नसती.

पुस्तकाचे सर्वांत मोठे सामर्थ्य मला असे वाटते की एका माणसाचा शब्दाकडून शब्दाकडे झालेला प्रवास त्यात दिसतो. ठाण्यात वाढलेला, नृत्याची आवड असलेला, नातेवाइकांकडूनच अत्याचार सोसलेला एक मुलगा. लोक त्याला ‘बायल्या’, ‘छक्का’ म्हणतात. पुढे त्याची अशोक राव कवी यांच्याशी आणि समलिंगी पुरुषांच्या वर्तुळाशी ओळख होते आणि आपण विकृत नाही, हा दिलासा प्रथमच मिळतो. पण ‘गे’ हा शब्दही पुरता बसत नाही, कारण त्याचा प्रश्न ओढीचा कमी आणि ओळखीचा अधिक आहे. अखेर १९९८ मध्ये हिजडा समाजाची वाट सापडते. शरीर, ओळख आणि ओढ यांतील जो भेद मी वर शुष्कपणे सांगितला, तो येथे एका आयुष्यात उलगडतो. शिक्षकांनी तरी हे पुस्तक त्यासाठी वाचावेच.

दुसरी गोष्ट नातेसंबंधांची. हिजडा ही केवळ मनाची ओळख नाही, ती एक जमात आहे. तिच्यात घराणी आहेत, नायक आहेत, गुरू-चेला हे नाते आहे, आणि चेला होण्यासाठी ‘रीत’ करावी लागते. जो ‘निर्वाण’ म्हणजे लिंगच्छेद करून घेत नाही त्यालाही तेथे जागा असते, त्याला ‘अकवा’ म्हणतात. म्हणूनच प्रत्येक पारलिंगी व्यक्ती हिजडा नसते. इंग्रजी ‘ट्रान्सजेंडर’ने हा सामाजिक अर्थ पकडला जात नाही. मुंबईतल्या घराण्यांमध्ये लष्करवाला, भेंडीबाजारवाला अशी नावे आहेत, आणि त्यांच्या चालीरीतींवर मुस्लिम संस्कृतीची छाप उघड दिसते. कल्याणजवळच्या हाजी मलंगच्या उरुसाला हिजडे मोठ्या संख्येने येतात, हे आपल्या भागातल्या कोणालाही सांगायला नको. दिव्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात टाळी वाजवत येणारी एकजण बुरख्यातल्या बायकांना सलाम करते आणि मंगळसूत्रवालीला सौभाग्याचा आशीर्वाद देते. आम्ही पाच-दहा रुपये देतो, दुआ घेतो आणि ती पुढे गेली की बाजूला सरकून बसतो. दुआ चालते, शेजार चालत नाही.

पुस्तकातली तिसरी आणि मला सर्वांत हलवून गेलेली बाब म्हणजे घर. लक्ष्मी यांच्या कर्मठ उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंबाने, विशेषतः वडिलांनी, धक्का पचवला आणि मुलाला घराबाहेर काढले नाही. हिजडा समाजात जाऊनही घराशी नाते टिकले. पुढचे शिक्षण, २००७ मध्ये स्थापन केलेली ‘अस्तित्व’ संस्था, संयुक्त राष्ट्रांपर्यंतचा प्रवास, हे सारे त्या एका उघड्या दारातून घडले. दार बंद झाले असते तर काय झाले असते, याचे उत्तर आपल्याला लोकलमध्ये रोज दिसते.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हे सांगून लिहून घेतलेले पुस्तक असल्याने त्याची भाषा नीटनेटकी मध्यमवर्गीय मराठी आहे; हिजडा समाजाची स्वतःची बोली त्यात चवीपुरतीच येते. दलित आत्मकथनांनी भाषेला जो हादरा दिला, तो येथे बसत नाही. उत्तरार्धात परिषदा, परदेशवाऱ्या आणि दूरचित्रवाणी यांची गर्दी होते आणि सिग्नलवर उभी राहणारी, पोलिसांचा मार खाणारी सामान्य चेली मागे पडते. यशाची कहाणी वाचून वाचकाला हायसे वाटते, आणि हायसे वाटलेला वाचक काही करत नाही.

पुस्तकानंतरच्या काळाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. २०१५ मध्ये लक्ष्मी यांनी किन्नर आखाडा स्थापन करण्यात पुढाकार घेतला. ‘किन्नर’ हा पुराणातल्या गाणाऱ्या देवयोनीचा शब्द. त्याने प्रतिष्ठा मिळाली, हे मान्य. पण ज्या घराण्यांत राम आणि रहीम एकाच चुलीवर जेवले, तेथे आखाड्याच्या नावाने मुसलमान चेलीची जागा कोणती, हा प्रश्न उभा राहतो. २०१८ मध्ये त्यांनी अयोध्येतील राममंदिराच्या बाजूने भूमिका घेतली तेव्हा देशभरातील अनेक पारलिंगी व्यक्तींनी आणि गटांनी निवेदन काढून आपली असहमती जाहीर केली. ती असहमती मला महत्त्वाची वाटते. एका नावाखाली आलेले सगळे लोक एकाच मताचे नसतात. हे मुसलमानांइतके आणखी कोणाला कळावे? आणि म्हणूनच लक्ष्मी यांचे राजकारण पटत नाही म्हणून त्यांचे पुस्तक बाजूला ठेवणे हेही चूक ठरेल.

इतर काही पुस्तके

मराठीत या विषयावर अगदीच सामसूम होती असे नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात एका तरुणीचे दुसऱ्या तरुणीवर प्रेम आहे आणि शेवटी तिला मरणाखेरीज वाट उरत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण घरातल्या एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात. भावाचे दुःख आणि बहिणीचे दुःख लेखक एकाच तराजूत तोलतो. एका पिढीच्या अंतरात एवढा फरक पडला. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि सोप्या मराठीत माहितीची पुस्तके लिहिली. ललित गुण बाजूला ठेवून सांगायचे तर मराठीत शब्द नीट लावून देण्याचे काम त्यांच्याइतके थोड्यांनीच केले असेल. दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘कुरूप’ हे नाव दिले. येथेही शिवी उचलून मथळा केलेला आहे.

राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ आणि ‘चौंडकं’ या कादंबऱ्यांनी मात्र एक निराळाच धडा दिला. त्यांच्या आधारे झालेला ‘जोगवा’ (२००९) चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातल्या तायप्पाला देवीच्या नावाने जोगता केले जाते, लुगडे नेसवले जाते. पण मनाने तो पुरुष आहे आणि त्याचे प्रेम एका जोगतिणीवर आहे. लक्ष्मी यांना साडी हवी होती आणि ती मिळत नव्हती. तायप्पाला नको होती आणि ती लादली गेली. वस्त्र एकच, प्रश्न उलटे. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने मात्र ट्रान्सजेंडर व्यक्तीची व्याख्या करताना किन्नर, हिजडा, अरावणी आणि जोगता यांना एकाच ओळीत बसवले, आणि आंतरलिंगी व्यक्तींनाही त्यातच घातले. कायदा करणाऱ्यांनी ‘भंडारभोग’ वाचली असती तर बरे झाले असते.

उर्दूत इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ ची. तिच्यावर लाहोरला अश्लीलतेचा खटला चालला. पण कथेतला नेमका कोणता शब्द अश्लील, हे कोर्टात सिद्ध होऊ शकले नाही आणि इस्मत आपा सुटल्या. कथा एका लहान मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि त्या मुलीपाशी पाहिलेल्या गोष्टीसाठी शब्दच नाही. शब्द नसणे ही तेथे कथेची ताकद झाली. पण कथेत जे चालते ते वर्गात चालत नाही. माझ्यापाशी शब्द नव्हता, तेव्हा त्याची किंमत एका मुलाने मोजली.

आपण का गप्प?

शेवटचा प्रश्न आपल्या स्वतःच्या साहित्याचा. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण एका नावावर वाद घालत आलो आहोत. मुस्लिम मराठी म्हणायचे की मराठी मुस्लिम? मुळात वेगळे नाव हवेच का? ‘तुम्ही फक्त मराठी लेखक म्हणून या’ असे सांगणाऱ्यांना आपण उत्तर दिले की, आमचे नाव आम्ही ठरवू. ‘लांड्या’ ही शिवी ऐकत मोठ्या झालेल्या पिढीने हे उत्तर दिले. त्यामागची वेदना खरी होती आणि मागणीही न्याय्य होती. मग तीच मागणी आणखी कोणी केली की आपल्या कपाळाला आठी का पडते?

तलाक, दंगली, फाळणीचा आरोप, बुरखा, बेरोजगारी, मोहल्ल्यातली कोंडी, या सर्वांवर आपण लिहिले आणि चांगले लिहिले. पण माझ्या वाचनात आलेल्या आपल्या कथा-कादंबऱ्यांत हा माणूस आला तर लग्नाच्या घरी नाचायला येतो, दुआ देतो आणि निघून जातो. त्याला आईबाप नसतात, शाळा नसते, जुम्म्याची नमाज नसते. फकीहांनी त्याला रांगेत जागा दिली. आपल्या कथेने तेवढीही दिली नाही. याचे कारण धर्म आहे असे मला वाटत नाही. आधीच बदनाम असलेल्या समाजाला आणखी एक बदनामी नको, ही भीती त्यामागे असावी. ती भीती मी समजू शकते, कारण ती माझ्यातही आहे. हा लेख देण्यापूर्वी मी तो तीनदा मागे ठेवला होता.

नवे शब्द सगळे स्वीकारलेच पाहिजेत, असा माझा आग्रह नाही. इंग्रजी आद्याक्षरांची लांबलचक साखळी मलाही पाठ होत नाही. काही मराठी प्रतिशब्द बोजड आहेत, काही टिकणार नाहीत. ‘पारलिंगी’ टिकेल की ‘ट्रान्सजेंडर’ हाच शब्द मराठी होऊन जाईल, ते बोलणारे लोक ठरवतील. पण तीन प्रश्न वेगळे आहेत, एवढे तरी आपण शिकावे आणि शिकवावे. आणि समोरच्याला कोणता शब्द चालतो, हे त्यालाच विचारावे.

व्याकरणाचा तो धडा मी दरवर्षी शिकवते. आता दोन खाने आखल्यावर मी मुलांना आधीच सांगते, “ये लफ्जों के खाने हैं, इन्सानों के नहीं.” मुले मान डोलावतात, कितपत कळते कोण जाणे. तो मुलगा आता विशीत असेल. कधी दिव्याच्या पुलावरच्या गर्दीत भेटलाच, तर त्याच्याशी काय बोलावे हे अजून मला नीट सुचलेले नाही. माफी मागावी, आणि मग त्याला कोणत्या नावाने हाक मारू हे विचारावे, एवढेच ठरवले आहे.